सरबताचा पेला आणि बंद पाकीट

गेल्या महिन्यात एका मीटिंगला जाऊन बसले होते. बडोद्यात एका जुन्या घराचं छोटंसं म्युझियम आहे, नाव लिहीत नाही कारण अजून काहीच ठरलेलं नाही. छत गळतंय, माडीवरच्या कडीपाटाची एक तुळई वाळवीने खाल्लीय, आणि तिकिटांच्या पैशात वॉचमनचा पगारसुद्धा धड निघत नाही. पैसे कसे उभे करायचे यावर नेहमीची चर्चा झाली, देणगी मागा, सरकारकडे अर्ज करा, कुणा उद्योगपतीला गाठा, आणि मग एक तरुण मुलगी म्हणाली की आपण मर्डर मिस्टरी डिनर करूया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोक तिकीट काढून जेवायला येतात, त्यांच्यातच नट-नट्या मिसळलेले असतात, सूप येईपर्यंत कुणाचातरी खून होतो, मग प्रत्येक पदार्थाच्या मधे एकेक प्रवेश, एकेक धागादोरा, चिठ्ठ्या, संशयितांची उलटतपासणी, आणि गोडाचं येईपर्यंत प्रत्येक टेबलाने ठरवायचं की खुनी कोण. शेवटी एक बंद पाकीट उघडतात, त्यात नाव असतं. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या घरांची म्युझियम्स असे कार्यक्रम करून पैसे उभे करतात. घरात बसून खेळायचा क्लूडो पण त्यातलाच, बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट नावाच्या माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो शोधला आणि १९४९ मध्ये बाजारात आला, मोठं घर, खोल्या, पाहुणे, आणि एक प्रेत.

मीटिंगमध्ये लगेच दोन तट पडले. एक आजोबा खूप दुखावले, म्हणाले ज्या घरात देवघर आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कुळाचार झाला तिथे खुनाचा खेळ? दुसरीकडून उत्तर आलं की आजोबा, छत पडलं की देवघरही पडेल. मी तेव्हा गप्प बसले कारण मला दोघांचंही पटत होतं. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

आधी माझं मत सांगून टाकते. कार्यक्रम करावा. नाटक करून, जेवू घालून पैसे गोळा करण्यात काहीही कमीपणा नाही, आपल्याला तर मुळीच नाही, ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभं राहून प्रयोग केला त्याच्या आठवणी मराठी माणूस अजून काढतो. आणि तिकडे अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्ननचं घर पडायला आलं तेव्हा सरकारने हात वर केले, मग अ‍ॅन पामेला कनिंगहॅम नावाच्या बाईने देशभरातल्या बायका उभ्या केल्या आणि १८५८ मध्ये २ लाख डॉलरला ते घर घेण्याचा करार केला, व्याख्यानं ठेवून, वर्गणी मागून, घरोघर फिरून. ते घर आजही त्यांच्याच संस्थेकडे आहे. म्हणजे जुनं घर वाचवायला कुणीतरी पदर खोचून उभं राहावंच लागतं.

माझी अडचण त्या बंद पाकिटाशी आहे.

म्युझियमकडे असतं काय? आपल्या त्या घरात दोन पितळी समया, एक झोपाळा, काही फोटो, जमाखर्चाच्या वह्या आणि भिंती. यातल्या बऱ्याच वस्तू जुन्या बाजारातही मिळतील. तरी लोक तिकीट काढून आत येतात ते एकाच गोष्टीसाठी, की इथे जे सांगतात ते खरं असतं. हा झोपाळा खरंच या घरातला आहे, या खिडकीतून खरंच ती बाई बाहेर बघायची. हा विश्वास हीच म्युझियमची पुंजी आणि छत दुरुस्त करायला पुंजीच मोडून खाल्ली तर मग दुरुस्त केलेल्या छताखाली ठेवणार काय? मीटिंगमध्ये तोडगा असा निघत होता की खरा इतिहास मधे आणू नका, कुणाच्या भावना दुखावतील, त्यापेक्षा एक खोटा खून रचा, खोटे सरदार, खोटी सून, खोटा मुनीम. सगळ्यांना ते सेफ वाटलं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं. कारण खऱ्या घरात सांगितलेली खोटी गोष्ट खोटी राहत नाही. साठ माणसं जेवून घरी जातात, पुढच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन येतात आणि सांगतात की या जिन्यावर सुनेला ढकललं होतं. मी स्वतः हेरिटेज वॉकला लोकांना घेऊन फिरते, मला माहितेय, लोक तारखा विसरतात, जिना विसरत नाहीत.

शनिवारवाड्याचंच बघा. १७३२ मध्ये बाजीरावांनी बांधून घेतलेला, मराठी सत्तेचं जवळजवळ शंभर वर्षांचं राजकारण तिथून चाललं. पण आज दहा जणांना विचारलं तर नऊ जण "काका मला वाचवा" सांगतील. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला हे खरं, गारद्यांनी केला हे खरं, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं हेही खरं. पण आनंदीबाईंनी पत्रात "धरावे"चं "मारावे" केलं याला कुणी ठोस पुरावा दाखवलेला नाही, तरी अडीचशे वर्षं ती बाई आपल्या भाषेतच शिक्षा भोगतेय, रोज कुणीतरी कुठेतरी "ध चा मा" म्हणतं. आपण एका माणसाचं नाव पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकलंय.

अमेरिकेतही हेच. फॉल रिव्हर गावात ४ ऑगस्ट १८९२ ला लिझी बोर्डेनचे वडील आणि सावत्र आई कुऱ्हाडीने मारले गेले, तिच्यावर खटला झाला, १८९३ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. आज ते घर म्युझियम आहे, पैसे भरून लोक तिथे रात्री झोपायला जातात, आणि मुलांच्या तोंडी जे गाणं राहिलं त्यात लिझीनेच चाळीस घाव घातले आणि मग एकेचाळीस. ज्यूरीचा निकाल गाण्याने फिरवला. खऱ्या माणसांचं खरं मरण, त्याच्यावर यमक जुळवलं की पुढे कुणाचं काही चालत नाही.

मग करायचं काय? मला वाटतं की आपल्या बडोद्याकडे असं एक प्रकरण आहे जे यासाठीच ठेवल्यासारखं आहे, त्यात कुणी मेलं नाही, आणि त्याचं पाकीट आजपर्यंत कुणाला चिकटवता आलं नाही.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले. रोजच्या सवयीप्रमाणे टेबलावर पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतले, चव बरोबर लागली नाही, उरलेलं फेकून दिलं, आणि मग पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला, पुढे मुंबईला पाठवला, सोमल म्हणजे आर्सेनिक निघालं, आणि हिऱ्याची पूड. हिऱ्याच्या पुडीने आतडी फाटून माणूस मरतो अशी तेव्हा समजूत होती.

आता याच्या आठवडाभर आधीचं बघा. २ नोव्हेंबरला बडोद्याचे तेव्हाचे राजे मल्हारराव गायकवाड महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला होता की या कर्नल फेअरला इथून हलवा. दादाभाई नौरोजी तेव्हा बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं आणि फेअरचं तर मुळीच जमत नव्हतं. आधीच १८७३ मध्ये राज्यकारभाराच्या तक्रारींवर कर्नल मीड यांची कमिटी बसून गेली होती आणि तिने बरेच वाईट ताशेरे मारले होते. म्हणजे महाराजांकडे विष देण्याचं कारण होतं म्हणावं, तर दुसऱ्या बाजूने विचारता येतं की ज्याने रीतसर अर्ज केलाय तो उत्तर यायच्या आत विष कशाला घालेल? आणि फेअरला तरी महाराज नकोसे नव्हते का? बघा, एवढ्यातच दोन टेबलांचं भांडण सुरू होईल.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतल्या शिपायांचा हवालदार रावजी, नरसू जमादार, आया अमीना, बटलर पेद्रो, महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत, एकेकाच्या जबान्या झाल्या. काही आठवड्यांनी रावजीच्या पट्ट्यात विषाची पुडी सापडली. रावजीला माफी मिळाली आणि तो माफीचा साक्षीदार झाला, दामोदरपंतही तसेच. मग फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज, सर रिचर्ड काउच, तेच मीड, आणि मेलव्हिल, आणि तीन हिंदी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून नावाजलेले वकील सार्जंट बॅलंटाइन आले आणि त्यांनी त्या पट्ट्यातल्या पुडीवर आणि माफी देऊन मिळवलेल्या साक्षींवर तुटून पडून उलटतपासणी घेतली. निकाल? तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिघा हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तीन विरुद्ध तीन.

तरी एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून काढलंच, कारण मात्र विषाचं दिलं नाही, गैरकारभाराचं दिलं. मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ मध्ये वारले. आणि मल्हाररावांच्या आधीचे राजे खंडेराव महाराज यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याहून एक मुलगा दत्तक घेतला, १८७५ मध्येच तो गादीवर बसला, ते सयाजीराव. आपण आज ज्या शहरात राहतो, ती लायब्ररी, ते कॉलेज, १९०६ चं सक्तीचं शिक्षण, बाबासाहेबांना मिळालेली स्कॉलरशिप, हे सगळं त्या एका पेल्याच्या पलीकडचं आहे. हे मला दरवेळी सांगताना अंगावर काटा येतो आणि बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत हे माहीतच नसतं.

तर माझं म्हणणं असं की हेच खेळा. जसंच्या तसं. साक्षी ज्या झाल्या त्याच, पुडी सापडली ती जिथे सापडली तिथेच, एकही धागा स्वतःच्या मनाचा घालू नका. सहा टेबलं करा, प्रत्येकाला एका कमिशनरचं नाव द्या, जेवणाच्या प्रत्येक फेरीला एक साक्षीदार उभा करा आणि लोकांना प्रश्न विचारू द्या. आणि शेवटी पाकीट उघडू नका. मतं घ्या, फळ्यावर लिहा, मग सांगा की १८७५ मध्ये तीन-तीन झाले होते. घरी जाताना लोक भांडत जातील आणि त्या भांडणासाठी पुन्हा येऊन कागद बघतील, म्युझियमने याहून जास्त काय मागायचं? ज्या गोष्टीचा निकाल माहीत नाही तिथे तो माहीत नाही असं सांगायला शिकवणं हे म्युझियमचंच काम आहे, आणि ते भरल्या पोटी जास्त चांगलं होतं.

एक गोष्ट मात्र फार जपून करावी लागेल. अशा नाटकांत नोकर म्हणजे एकतर विनोदाला असतो नाहीतर संशयाला. आणि या प्रकरणात तर सगळं नोकरांच्याच अंगावर आलं. सरबत ठेवणारा, पेला धुणारा, दारात उभा राहणारा, आया. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला राजवाडा, आणि मधे महिना काही रुपये पगारावरचा रावजी, तो खरं बोलत असेल किंवा खोटं, पण त्याच्या जागी उभं राहून विचार केला तर घशाला कोरड पडते. अमीनाची भूमिका करणारीने लचकत येऊ नये. नरसूला तोतरा करू नये. ही खरी माणसं होती, त्यांनी लिहून ठेवायला कुणी वह्या दिल्या नाहीत, त्यांचे शब्द फक्त पोलिसांनी आणि वकिलांनी लिहून घेतलेत. संध्याकाळचा सगळ्यात चांगला नट रावजीला द्या.

आता जागेचं. मीटिंगमध्ये कुणीतरी लगेच लक्ष्मी विलासच्या झुंबरांची स्वप्नं रंगवायला लागलं. पण मल्हाररावांनी तो राजवाडा पाहिलाच नाही, तो १८९० मध्ये पूर्ण झाला, त्याच्या आठ वर्षं आधीच ते गेले. त्यांच्या काळातलं बडोदं म्हणजे मांडवीच्या आसपासचं, सरकारवाडा, नजरबाग. नजरबाग तर आपल्या डोळ्यांदेखत पाडला गेला. मकरपुऱ्याचा राजवाडा हवाई दलाकडे आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितलाय का? दिवाण भाऊ तांबेकरांचा, भिंतीभर चित्रं, कृष्णलीला, महाभारत, त्या काळची माणसं, आणि बाजूच्या रस्त्यावरून रोज हजारो लोक मान वर न करता जातात. तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, संरक्षित स्मारकांना १९५९ चे नियम लागतात, लेखी परवानगीशिवाय मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही आणि नेमून दिलेल्या जागेशिवाय स्वयंपाक-जेवण चालत नाही. आणि नियम बरोबरच आहे. चित्राला वरणाची वाफ, तेलाचा हात, मेणबत्तीची काजळी काहीही सोसत नाही. आपलं घर संरक्षित यादीत नसलं तरी तसंच वागायला हवं, म्हणजे जेवण बाहेर परसात मांडवाखाली, आत फक्त दहा-दहा जणांच्या तुकड्या, हात धुऊन, बॅगा बाहेर ठेवून, आणि मेणबत्ती एकही नाही. वाळवीने खाल्लेल्या तुळईखाली किंवा त्या माडीवर तर कुणालाच नेऊ नये. वातावरण वातावरण करत मेणबत्त्या लावायचा हट्ट काही जण धरतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणायचं.

आणि टेबलं म्हणाले खरी, पण पंगत केली तर? तिकडच्या त्या जेवणात वाइनच्या ग्लासाभोवती सगळं फिरतं, गुजरातमध्ये तो प्रश्नच नाही. आपल्याकडे सरबत आहे. पंगतीत वाढपी सारखा समोरून जातो, वाकतो, कानाशी येतो, आग्रह करतो. वाढपीच साक्षीदार असले तर? मठ्ठा वाढता वाढता नरसू तुमच्या कानात सांगतो की साहेब, मी ओट्यावर होतो, मी काही बघितलं नाही. मला तर हे डोळ्यासमोर दिसतंय. आणि गुजराती शेजाऱ्यांना पण बोलवा, साक्षी दोन्ही भाषांत ठेवा, त्या शहरात तेव्हाही दोन्ही भाषा चालत होत्या.

आजोबांच्या आक्षेपाला मी टाळत नाहीये. त्यांचं म्हणणं मी घरी आल्यावर पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. देवघराचं दार त्या संध्याकाळी बंद राहावं, समई लावलेली असावी आणि तिथे नाटकातलं कुणीही फिरकू नये हे मला पटतं. दुसरा आक्षेप येईल तो जास्त नाजूक, की महाराजांच्या घराण्याचं नाव यात येतं, गायकवाड घराणं याच शहरात आहे. त्यावर माझं उत्तर हेच की त्यांच्याकडे आधी जावं, संहिता दाखवावी, आणि कागदात आहे त्यापलीकडे एक शब्द घालू नये. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मी म्हणणार नाही, तसं नव्हतं. पण वाईट राज्यकर्ता असणं आणि विष घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्रजांनी जेव्हा एकीचा पुरावा पुरेना तेव्हा दुसरीची शिक्षा दिली. हे साठ माणसांना एका संध्याकाळी समजलं तर त्यात कुणाची बेअब्रू होते असं मला वाटत नाही.

पैशाचंही बोलू कारण शेवटी त्यासाठीच सगळं. समजा साठ पानं, पानामागे २००० रुपये, म्हणजे १ लाख २० हजार. आचारी, मांडव, लाइट, कपडेपट यात निम्मे गेले तरी ६० हजार उरतात. पूर्ण छत यात होणार नाही. पण एक तुळई होईल. म्हणून तिकिटावर "म्युझियमच्या मदतीसाठी" असं मोघम लिहू नये, "माडीवरच्या तुळईसाठी" असं लिहावं, लोकांना खालून लांबूनच ती तुळई दाखवावी आणि तीन महिन्यांनी नवी बसली की परत बोलावून दाखवावी, हिशेब दारावर लावावा. नवरात्रात गरब्याच्या पाससाठी आपण बिनतक्रार पैसे मोजतो कारण काय मिळणार ते माहीत असतं. आणि आदल्या दिवशीची रंगीत तालीम त्या पोळीतल्या, म्हणजे घराच्या गल्लीतल्या, लोकांना फुकट दाखवावी, जेवण नाही, नुसतं सरबत. ते घर वर्षभर त्यांच्या नजरेखाली सुरक्षित असतं, २००० चं पान त्यातल्या बऱ्याच जणांना परवडणार नाही, आणि ज्यांच्या गल्लीत गाड्या लागणार त्यांनाच दाराबाहेर ठेवलं तर ते मला सहन होणार नाही.

पुढच्या मीटिंगला मी हे सगळं मांडणार आहे. त्या मुलीशी फोनवर बोलले, तिने साक्षींची मराठी टिपणं काढायला घेतलीत, रावजीची झाली, अमीनाची अर्धी. तारीख ९ नोव्हेंबर धरावी असं आमचं दोघींचं मत पडलं, त्या सुमाराला खंडेराव मार्केटमध्ये पपनसं मिळतात. एका पपनसात किती पेले होतात ते उद्या घरी करून बघते.